वसुलीची हलगी

“आप्पा, जरा जाळ मिळंल काय? हलगी शेकून घ्याय पायजे.”

दारात तुकाराम आवळे उभा होता. काखेत हलगी. शेजारी गळ्यात घुमकं, म्हणजे हलगीच्या साथीचं वाद्य, अडकवलेला त्याचा मेहुणा. मागं पतसंस्थेचे दोन शिपाई कापडी फलक धरून, आणि सगळ्यांच्या मागं, शेवग्याच्या झाडाआड जमेल तेवढे लपलेले वसुली अधिकारी कोगनोळे साहेब. ही मंडळी आप्पांची अब्रू काढायला आली होती. पण थंडीनं हलगीचं कातडं सैल पडलं होतं, ते ताणल्याशिवाय आवाज निघणार नव्हता, म्हणून अब्रू काढायच्या आधी त्यांना आप्पांच्याच घरचा विस्तव हवा होता.

आप्पा म्हणाले, “परसात वाळला कडबा हाय, घ्या थोडा. पर घोडीच्या अंगावर ठिणगी जाऊ देऊ नका.”

त्यांच्या उजव्या हाताला मी उभी होते आणि डाव्या हाताला हसीनाभाभी. भाभीनं ईदची हिरवी साडी नेसली होती. मी मोराचं ब्लाउज घातलं होतं. “लोक आपल्याला बघायला येणारेत,” भाभी आदल्या संध्याकाळी म्हणाली होती, “मळक्या कपड्यात कशाला उभं ऱ्हायाचं?”

आम्ही तिघं तिथं का उभे होतो, ते आधी सांगायला हवं.

गोष्ट जयसिंगपूरची आहे आणि तिला आता वीसेक वर्षं झाली. माझं शिलाईचं छोटं दुकान होतं. पिको-फॉल, ब्लाउज, झालंच तर पोरींचे परकर-पोलकी. बरं चाललं होतं. पण एका प्रदर्शनात मी संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन बघितलं आणि माझी झोप उडाली. नवरा, म्हणजे जिनपाल, म्हणाला, “राजमती, आपल्याला जमायचं न्हाई.” मी कर्ज काढून ते आणलंच. मशीन बसवायला आलेल्या माणसानं दाखवण्यापुरता एक मोर काढला आणि तो गेला. त्यानंतर त्या मशीननं मोराशिवाय काहीही काढलं नाही. गुलाब घाला, वेल घाला, गणपती घाला, खाली मोरच उमटायचा. कंपनीचा फोन कुणी उचलायचं नाही. लग्नाच्या ब्लाउजवर मोर चालतो, पण ज्यांना पाठीवर नवऱ्याचं नाव हवं होतं, त्या बायका भांडून गेल्या.

शेजारची हसीना मुल्ला, आमची भाभी, तिनं इडलीचं यंत्र घेतलं होतं. बॉयलरसारखं दिसायचं. एकदा पेटवलं की अख्ख्या मांडवाला पुरतील एवढ्या इडल्या निघायच्या, त्यापेक्षा कमी करता येतच नव्हत्या. आमच्या गल्लीला सकाळी लागायच्या चार-पाच प्लेटा. उरलेल्या इडल्या भाभी दारोदार वाटायची आणि लोक तिला बघून दारं लावून घ्यायचे.

आणि आप्पा नेजकर. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बायको वारलेली, मुलगी सासरी. निवृत्तीचे पैसे मुलीच्या लग्नात गेले होते, आणि आप्पांनी कर्ज काढून काय घ्यावं, तर लग्नाच्या वरातीसाठी पांढरी घोडी. नाव मंजुळा. घोडी का घेतली असं विचारलं तर म्हणायचे, “स्टेअरिंग सुटल्यापासनं हाताला काय धरावं कळंना झाल्तं. लगाम बरा वाटला.”

मंजुळा दिसायला देखणी आणि स्वभावानं गाय. तिचा दोष एकच, तिला बँड सहन व्हायचा नाही. पहिल्याच लग्नात ट्रम्पेट वाजलं, तशी ती शांतपणे मागं वळली आणि चालायला लागली. उधळली नाही, लाथ मारली नाही. नवरदेव वर बसलेला, मुंडावळ्या डोळ्यांवर, “ओ, ओ” म्हणतोय, आणि ही आपली गावातून, पेठेतून, रेल्वे फाटक उघडायची वाट बघून, थेट घरी. आप्पा धापा टाकत पोचले तेव्हा ती गव्हाणीत तोंड घालून उभी होती आणि नवरदेव वरच होता, कारण त्याला उतरता येत नव्हतं. आप्पांनी त्याला उतरवलं, चहा पाजला आणि रिक्षानं मांडवात पोचवलं. रिक्षाचं भाडंही आप्पांनीच दिलं. दुसऱ्या लग्नातही तेच घडलं. तिसरं मिळालं नाही.

तिघांनी एकाच पतसंस्थेकडून कर्ज घेतलेलं. तिचं नाव सांगत नाही, ती आता नाही. प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार लागत. मार्च महिना होता, मॅनेजरला आकडे पुरे करायचे होते, आणि आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो होतो. त्यामुळं माझ्या कर्जाला आप्पा आणि भाभी जामीन, भाभीच्या कर्जाला मी आणि आप्पा, आणि आप्पांच्या कर्जाला आम्ही दोघी. मॅनेजरनं सगळीकडं शिक्के मारले आणि आम्हाला पेढे दिले.

वर्षभरात तिघांचेही हप्ते थकले. नोटिसा आल्या. माझी थकबाकी, म्हणून भाभीला आणि आप्पांना नोटीस. भाभीची, म्हणून मला आणि आप्पांना. पोस्टमन एकाच फेरीत आमच्या तिघांच्या दारात इतकी पाकिटं टाकायचा की त्याला वाटलं आमच्याकडं कुणाचं तरी लग्न ठरलंय.

तेव्हा आप्पांनीच आम्हाला बोलावलं. रविवारी सकाळी, त्यांच्या अंगणात, मंजुळासमोर. भाभीनं इडल्या आणल्या होत्याच. आप्पा म्हणाले, “तिघंबी खड्ड्यात हाय. एकेकट्यानं उड्या मारून कुणी वर येत न्हाई. आधी सगळ्यांनी मिळून एकाला वर ढकलायचं. मग वरच्यानं दुसऱ्याला वढायचं.”

“आधी कोण?” मी विचारलं.

“ज्याचं कर्ज बारकं, त्यो आधी.”

भाभीचं सगळ्यांत लहान होतं. आप्पांचं सगळ्यांत मोठं. म्हणजे स्वतःच केलेल्या नियमानं ते शेवटी लागत होते. ते माझ्या लगेच लक्षात आलं, त्यांच्याही आलं असणार.

नियम दोनच. कुणी रडायचं नाही आणि कुणी कुणाला हसायचं नाही. दुसरा नियम पहिल्याच रविवारी मोडला, कारण भाभीनं मशीनचं नक्की काय होतं ते विचारलं आणि मी सगळं सांगून बसले. ती एवढी हसली की मंजुळानं गव्हाणीतून मान वर काढली. मग मीही हसले. कर्ज झाल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर दर रविवारी बसायचो. आठवड्यात कुणी किती वाचवलं ते सांगायचं, आणि बाकीच्या दोघांनी टाळ्या वाजवायच्या. ऐकायला पोरकट वाटेल. पण चहात साखर कमी घातली म्हणून कुणी आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या, तर आठवडाभर बिनसाखरेचा चहा गोड लागतो. एकदा मी गंठणाच्या दुकानापुढं रेंगाळले, तर पलीकडून भाभी ओरडली, “अक्का, चल पुढं.” अख्खी पेठ वळून बघायला लागली. मी पुढं गेले.

आप्पा एसटीच्या माणसांना ओळखत होते. त्यांनी भाभीच्या इडल्या सायकलवर लादून डेपोत न्यायला सुरुवात केली. रोज सकाळी गाड्या सुटायच्या आधी ड्रायव्हर-कंडक्टर आख्खा डबा फस्त करायचे. यंत्र एकदाचं कामाला लागलं. भाभीचं कर्ज फिटलं. मग सगळा जोर माझ्याकडं वळला. भाभी पदरावर मोर भरून गावभर हिंडली आणि एका लेझीम पथकाच्या बायकांना तिनं पटवलं, की सगळ्यांच्या पाठीवर एकसारखा मोर असला की लांबून फार शोभून दिसतं. त्यांचं बघून दुसरं पथक आलं. माझंही फिटलं.

उरले आप्पा. आणि त्यांचं व्याज तोवर मुद्दलाला भिडलेलं. आमच्या दोघींचं उरलेलं सगळं त्यांच्या खात्यात जात होतं, पण उन्हात पाणी शिंपडावं तशी गत. त्यात पतसंस्थेत नवीन चेअरमन आले आणि त्यांनी नवीन पद्धत काढली. थकबाकीदाराच्या दारात तीन दिवस सकाळी हलगी वाजवायची. चौथ्या दिवसापासून जामीनदारांच्या.

कोगनोळे साहेब हे सांगायला आदल्या दिवशी माझ्या दुकानात आले होते. सडपातळ, कायम घामेजलेला माणूस. त्यांनी आधी एका शर्टाचं बटण लावून घेतलं, त्याचे पैसे दिले आणि मग खाली बघत म्हणाले, “वहिनी, उद्या आप्पांच्या दारात हलगी हाय. मला वाईट वाटतं, पर वरनं आदेश हाय.”

आप्पांना कळलं तेव्हा त्यांनी आधी मंजुळाला पाणी दाखवलं. मग म्हणाले, “तीस वर्सं गाडी चालवली. कुणी माझ्या मागं हॉर्न मारायची येळ आणली न्हाई मी.” थोड्या वेळानं म्हणाले, “शनिवारी बेडगचा व्यापारी येणाराय. मंजुळाला देऊन टाकतो. निम्मीबी किंमत न्हाई देत त्यो, पर तुमच्या दारात तर हलगी यायची न्हाई.”

भाभी म्हणाली, “शनिवार लांब हाय. उद्याचं बघू.”

म्हणून आम्ही दोघी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. आप्पा चिडले. “तुमी कशाला आलाय? तुमचं फिटलंय.”

“जामीनदार हाय मी,” भाभी म्हणाली. “सही केलीया. लपून बसाय काय चोरी केलीया काय?”

तिनं इडल्यांचा डबाही आणला होता. कडबा पेटवून आवळे हलगी शेकत होता, तोवर तिनं सगळ्यांना वाढलं. शिपायांनी फलक भिंतीला टेकवला आणि खाली बसले. कोगनोळे साहेब झाडाआडून “नको, नको” म्हणाले आणि चार खाल्ल्या. हळूहळू गल्ली जमली. खिडक्यांत बायका, कट्ट्यावर माणसं, एक दूधवाला किटली अडकवलेल्या सायकलीसकट.

मग कोगनोळे साहेबांनी हातात भोंगा घेतला. त्याचे सेल उतरले होते. “श्री... नेजकर... यांनी...” एवढंच ऐकू आलं, पुढं नुसती खरखर. कट्ट्यावरून कुणी तरी म्हणालं, “साहेब, नुसतंच सांगा, घसा काढून.” साहेबांनी भोंगा खाली ठेवला आणि आवळेला हातानं खूण केली.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांचा एक हात धरला. दुसरा भाभीनं धरला.

आवळेनं टिपरी पाडली.

मी हलगी आधी ऐकली नव्हती असं नाही. पण इतक्या जवळून ऐकली नव्हती. पायाखालची फरशी थरारली. पहिला विचार मनात आला तो घोडीचा. बँड ऐकून जी घरी पळते, ती घरातच हलगी वाजली तर कुठं जाईल? बहुतेक आप्पांच्याही मनात तेच आलं, कारण त्यांनी डोळे उघडले आणि मागं वळले. परसातून खळकन आवाज झाला. खुंटी उपटली गेली होती.

मंजुळा घराच्या बोळातून बाहेर आली. दोर मागं फरफटत, खुंटी दगडांवर आपटत. कान ताठ. लोक मागं सरले. ती सरळ चालत आवळेच्या पुढ्यात गेली, उभी राहिली आणि तिनं पुढचा उजवा पाय उचलला. ठेवला. डावा उचलला.

“आप्पा,” भाभी हळूच म्हणाली, “ही काय करतीया?”

आप्पा दोन पावलं पुढं सरकले.

ती नाचत होती. कुणी शिकवलं नव्हतं, किंवा आमच्याकडं यायच्या आधी कुठं तरी कुणी शिकवलं असेल, देव जाणे. टिपरीला टिपरी, पायाला पाय. मान डौलानं वाकवलेली, शेपूट कमानीसारखी. आवळे बिचकला, पण त्याचा हात थांबला नाही. त्यानं लय बदलून बघितली. घोडीनं बदलली. त्यानं दुप्पट केली. तिनं मागच्या पायांवर जोर देऊन पुढचे दोन्ही उचलले आणि बरोब्बर ठेक्यावर खाली टेकवले. मेहुण्यानं घुमक्यावर असा काही हात मारला की दूधवाल्याची सायकल आडवी झाली आणि त्यानं ती उचललीसुद्धा नाही.

कोगनोळे साहेब धावत आले. “आवळे, थांबवा. आवळे, ही वसुली हाय.”

“साहेब,” आवळे न थांबता म्हणाला, “ती ठेका सोडंना, मी कसा सोडू?”

तोवर गल्लीतली माणसं पुढं सरकली होती. एका म्हाताऱ्यानं घोडीवरून दहाची नोट ओवाळली आणि आवळेच्या पुढं टाकली. मग दुसऱ्यानं. मग बायकांनी वरून. फलकवाल्या शिपायांतला एक जण फलक बाजूला टाकून हात वर करून नाचायला लागला. माझ्या पायांनाही काय झालं होतं कोण जाणे. जिनपाल कारखान्याला निघाला होता, तो कोपऱ्यावर सायकल थांबवून तोंड उघडं टाकून आपल्या बायकोकडं बघत होता.

अर्ध्या-पाऊण तासानं आवळेचे हात भरून आले तेव्हाच हलगी थांबली. मंजुळा घामानं चमकत होती. ती आप्पांजवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर तोंड घासायला लागली.

जमिनीवर नोटा पडल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, आणि मग कोगनोळे साहेबांकडं. साहेबांनी कपाळ पुसलं, खाली बसून नोटा गोळा केल्या, सारख्या केल्या, आणि पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.

“जागेवर वसुली,” ते पुटपुटले. “अशी आजपत्तोर कधी झाली न्हाई.” पावती फाडून त्यांनी आप्पांच्या हातात दिली आणि वसुली झाली म्हणून उरलेल्या दोन दिवसांची हलगी रद्द करून टाकली.

त्याच गर्दीत शिरोळचा एक माणूस होता, ज्याच्या मुलाचं लग्न पुढच्या पंधरवड्यात होतं. तो आप्पांकडं आला. “घोडी पायजे. बँड नको, हीच हलगी पायजे.” आप्पा आवळेकडं बघायला लागले. आवळे खाली बघायला लागला.

“तुकाराम, येशील न्हवं?”

“यायचं हाय आप्पा. पर मी असा मोकळा न्हाई.”

मग कळलं ते हे. आवळेनंही त्याच पतसंस्थेतून कर्ज घेतलं होतं, बायकोच्या ऑपरेशनसाठी. थकलं, तेव्हा त्याच्याकडं जप्त करण्याजोगं काहीच नव्हतं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी, हलगीची पद्धत सुरू झाली तेव्हा, असं ठरलं की त्यानं थकबाकीदारांच्या दारात वाजवायचं आणि त्याची मजुरी त्याच्या खात्याला जमा व्हायची. पण मजुरी एवढी कमी धरलेली, की व्याजसुद्धा भागत नव्हतं. तो सांगत असताना त्याचा मेहुणा एकसारखा घुमक्याची दोरी आवळत होता.

“दुसऱ्याच्या दारात वाजवताना मला कसं वाटत असंल, बघा तुमीच,” आवळे म्हणाला. “आज पहिल्यांदा वाईट वाटलं न्हाई.”

हसीनाभाभीनं डब्यातल्या उरलेल्या इडल्या त्याच्या पुढं सरकवल्या. “तुझं किती हाय?”

त्यानं सांगितलं. आप्पांच्या कर्जापुढं ते बरंच लहान होतं.

आम्ही दोघींनी आप्पांकडं बघितलं. घोडी त्यांची. शनिवारी तिला विकायची वेळ आली होती, आणि आता कुठं देवानं डोळा उघडून बघितलं होतं. नियमाची आठवण कुणी करून दिली नसती, निदान मी तरी नाही. आप्पांनी मंजुळाच्या मानेवरून हात फिरवला.

“बारकं कर्ज आधी,” ते म्हणाले. “तुकारामचं आधी. रविवारी सकाळी ये इथं. दोन नियम हायत, आल्यावर सांगतो.”

बेडगचा व्यापारी शनिवारी आला. आप्पांनी त्यालाही चहा पाजला आणि परत पाठवला.

शिरोळच्या वरातीत मंजुळा दोन तास नाचली. नवरदेव मात्र तेवढा वेळ वर टिकला नाही. त्याला अर्ध्यातच उतरवून जीपमध्ये बसवावं लागलं, आणि नंतर त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. त्या एका लग्नसराईत आवळेचं कर्ज फिटलं. पुढची दोन वर्षं नृसिंहवाडीपासून तासगावपर्यंत ‘आप्पांची घोडी, आवळेची हलगी’ अशी एकत्रच सुपारी यायची. वसुलीला नंतर दुसरा हलगीवाला कुणी मिळाला नाही. ती पद्धत आपोआप बंद पडली.

आप्पांनी शेवटचा हप्ता भरला तो एका भर दुपारी. आम्ही सगळे बरोबर गेलो होतो. कोगनोळे साहेबांनी ‘बेबाकी’चा दाखला दिला, आप्पांनी तो वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. मग म्हणाले, “उन्हं लई हायत, लवकर घरी जाऊ या.” एवढंच. मला वाटलं होतं ते रडतील. पहिला नियम मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मी नाही पाळला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सवयीनं आप्पांच्या अंगणात जमलो. इडल्या होत्या. चहा होता, आता साखर घातलेला. आणि बोलायला काहीच नव्हतं. कुणाचंच काही देणं नाही, तर सांगायचं काय? तुकारामनं हवेचा विषय काढला. भाभी म्हणाली, “बरी हाय.” मी म्हणाले, “व्हय.” आप्पा नुसतेच मंजुळाकडं बघत बसले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पुढच्या रविवारी यायचं का, हे विचारायची कुणाची छाती होत नव्हती, कारण नाही म्हणण्याचंच कारण सापडलं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. कोगनोळे साहेब. रविवार असूनही इस्त्रीचा शर्ट, आणि नेहमीसारखा घाम. चपला बाहेर काढून ते आत आले आणि उभेच राहिले.

आप्पा दचकून उठले. “साहेब, काय ऱ्हायलं काय आमच्याकडनं?”

“न्हाई, न्हाई. तुमचं समदं फिटलंय.” त्यांनी रुमाल काढला, परत खिशात घातला. “माझं हाय. घराचं. आन् बहिणीच्या लग्नाचं. आन् मोटरसायकलचंबी. तीन वेगवेगळ्या ठिकाणचं. वसुलीच्या माणसानं कुठं सांगावं हे? म्हणून म्हटलं, हितं...”

भाभी उठून यंत्र पेटवायला निघाली. तुकारामनं सतरंजी झटकली. आप्पांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तसा दाखला हातात घेताना पडला नव्हता.

“बसा की साहेब. उभं का? किती हाय एकूण?”

साहेबांनी आकडा सांगितला. मोठा होता.

आप्पांनी सावकाश मांडी घातली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “चला राजमती, आता चारेक वर्सं तरी काळजी न्हाई.”